मातीचा करार

सायंकाळच्या या प्रहरी शेती, सरकार आणि जमिनीची धूप असा रुक्ष विषय कानांवर पडला म्हणजे ऐकणाराचा हात सहजच रेडिओच्या कळीकडे वळतो, हे मी जाणून आहे. पुष्कळ वर्षे वर्गात भूगोल शिकविल्यामुळे जांभया देणाऱ्या श्रोत्यांची मला सवय आहे. तरी पण आजचा विषय शहरातल्या माणसाला वाटतो तितका परका नाही, एवढे प्रथमच सांगून टाकतो. वर्तमानपत्रात शेतकऱ्यांना सरकारने अमुक कोटींची मदत दिल्याची वार्ता आली की आपल्या दिवाणखान्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आमच्या करातून हे दान किती काळ चालायचे? दुसरा म्हणतो, अन्नदात्याला दिले तेवढे थोडेच. पहिल्याच्या शब्दांत कुरकुर असते आणि दुसऱ्याच्या शब्दांत दया असते. परंतु दोघेही मदत म्हणजे दान असेच गृहीत धरून चालतात. हे गृहीतच चुकीचे आहे की काय, याचा आज आपल्याला विचार करावयाचा आहे.

विचार हवेत करण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून केलेला बरा, ही मास्तरांची जुनी खोड. म्हणून मी आज आपल्याला अमेरिकेतील एका काउंटीत नेणार आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या तालुक्याजिल्ह्यासारखा, स्वतःची कचेरी असलेला मुलुखाचा एक भाग. विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात मिसिसिपी नदीच्या पूर्वेला व्हर्नन नावाची काउंटी आहे आणि तिच्यात व तिला लागून असलेल्या दोन काउंट्यांत मिळून कून क्रीक नावाच्या ओढ्याचे खोरे पसरलेले आहे. हे खोरे मी स्वतः पाहिलेले नाही; जे सांगतो आहे ते वाचनाच्या आधाराने. परंतु काही स्थळे न पाहताही ओळखीची वाटू लागतात, त्यांतले हे एक.

उत्तर अमेरिकेचा पुष्कळसा भाग हिमयुगात प्रचंड हिमनद्यांनी रगडून सपाट केला. या मुलुखाला मात्र त्या बाजूने वळसा घालून गेल्या. त्यामुळे येथे उंच माथे, तीव्र उतार आणि त्यांच्या पायथ्याशी अरुंद दऱ्या, अशी घाटमाथ्याची आठवण करून देणारी रचना शिल्लक राहिली. हो-चंक या मूळच्या रहिवाशांकडून ही भूमी सरकारने घेतली आणि १८५० नंतर तेथे युरोपातून, विशेषतः नॉर्वेतून आलेली कुटुंबे वसू लागली. माती उत्तम, पाऊस बरा आणि माणसे कष्टाळू. मग अनर्थ कशाने झाला? तर सरळ रेषेने झाला. सपाट प्रदेशात शोभणारी चौकोनी शेते या लोकांनी डोंगरउतारावर आखली आणि नांगर उतारावर वरून खाली, खालून वर असा चालविला. नांगराचा प्रत्येक तास पावसाळ्यात पाण्याचा पाट झाला. उरलेल्या चढावरच्या झाडीत गुरे मोकाट चरू लागली. गवत गेले, झाडांची रोपटी गेली, आणि डोंगर उघडा पडला. पुढे दोन पिढ्यांच्या आत शेताशेतांतून ओघळी पडल्या, ओघळींच्या घळी झाल्या आणि वरची काळी कसदार माती खाली दरीत जाऊन बसली. ओढ्याच्या खालच्या अंगाला चेसबर्ग गावाच्या परिसरात तर गाळाचे थरांवर थर चढून जमिनीची मूळची पातळीच बुजून गेली. वरच्याचे शेत गेले आणि खालच्याचे घर चिखलात आले. माती अशी सर्वांची असते. ती आपल्या बांधावर थांबत नाही.

येथे एका गृहस्थाची ओळख करून दिली पाहिजे. ह्यू हॅमंड बेनेट हा १८८१ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अॅन्सन काउंटीत जन्मलेला मृदाशास्त्रज्ञ. सरकारी नोकरीत जमिनींची पाहणी करता करता त्याला दिसून आले की, देशाचे सर्वांत मोठे धन कोणाला न दिसता नद्यांवाटे समुद्राकडे वाहून चालले आहे. जमिनीची धूप हे राष्ट्रावरील संकट आहे, अशा अर्थाची पत्रिका त्याने १९२८ मध्ये शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध केली. खात्याच्या पत्रिकांचे जे सर्वत्र होते तेच तिचेही झाले असते. परंतु काळच त्याच्या मदतीस धावून आला. पश्चिमेकडील विस्तीर्ण मैदानांत गहू पेरण्याच्या हव्यासाने शतकानुशतकांचे गवत नांगरून काढले होते. १९३१ पासून अवर्षण पडले आणि सुटी झालेली माती वाऱ्याबरोबर उठली. मे १९३४ मधील एका वादळाची धूळ हजारो मैल उडत जाऊन खुद्द राजधानी वॉशिंग्टनवर पसरली. पुढल्या वर्षी बेनेट कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष देत असता, आणखी एक धुळीचे वादळ वाटेवर आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आपले बोलणे मुद्दाम लांबविले आणि खिडकीबाहेर आभाळ काळवंडले तेव्हा सभासदांना ते बोट करून दाखविले, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती असेल तो असो. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदासंधारणाचा कायदा झाला आणि त्यासाठी कायमचे सरकारी खाते निर्माण झाले, हे मात्र खरे.

परंतु कायदा होण्यापूर्वीच, १९३३ मध्ये, बेनेटच्या हाती एक लहानसे तात्पुरते खाते आले होते आणि त्याने आपला पहिला मोठा प्रयोग करण्यासाठी कून क्रीकचेच खोरे निवडले. क्षेत्र सुमारे ९२,००० एकर. एखाद्या शेताची नव्हे, तर संपूर्ण पाणलोटाची एकत्र व्यवस्था लावण्याचा त्या देशातील हा पहिलाच यत्न होय. विस्कॉन्सिन विद्यापीठातील तज्ज्ञ त्यात सामील झाले. पुढे निसर्गविषयक लेखनाने कीर्ती पावलेले प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड हेही त्यांत होते. मंदीने बेकार झालेल्या तरुणांची सरकारी शिबिरे त्या वेळी देशभर उघडली होती. तसे एक शिबिर येथेही पडले.

आता मी ज्या मुद्द्यावर आपले लक्ष वेधू इच्छितो, तो आला. सरकारने शेतकऱ्याच्या दारी जाऊन, ‘ही घे मदत,’ असे म्हटले नाही. आणि ‘हा घे हुकूम,’ असेही म्हटले नाही. तज्ज्ञ माणूस शेतकऱ्याबरोबर त्याचे सगळे शेत फिरला, दोघांनी मिळून त्या शेताचा आराखडा केला, आणि मग पाच वर्षांचा करार झाला. करारात दोन्ही बाजूंना देणे होते. सरकारने द्यावयाचे ते असे: घळी बुजविण्यास व बांध घालण्यास शिबिरातील मजूर, कुंपणाची तार, बी-बियाणे, आंबट जमिनीसाठी चुना, लावण्यासाठी रोपे आणि तज्ज्ञाचा सल्ला. शेतकऱ्याने द्यावयाचे ते असे: उतारावर सरळ नांगरट बंद करून समपातळीच्या वळणदार रेषेत करणे, एका पट्ट्यात मका, त्याच्या खाली ओट, त्याच्या खाली लसूणघास, असे पट्टे पाडून आलटून पालटून पिके घेणे, आणि तीव्र चढावरच्या झाडीत गुरे सोडावयाची नाहीत, ती कुंपण घालून राखावयाची.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण बापाने आणि आजाने ज्या रेषेत नांगर धरला ती रेषा मोडणे म्हणजे शेतकऱ्याला केवढा संकोच! सरळ तास हे तर चांगल्या नांगऱ्याचे भूषण. वाकडा नांगर चालविला तर शेजारी हसतात. तरीही दोन वर्षांत खोऱ्यातील अदमासे आठशे शेतकऱ्यांपैकी चारशेहून अधिकांनी सह्या केल्या. फुकट मजूर मिळाले हे त्याचे एक कारण. दुसरे आणि मला अधिक महत्त्वाचे वाटणारे कारण असे की, करार केलेल्या शेजाऱ्याच्या शेतात पावसानंतर काय उरते आणि आपल्यात काय उरते, हे प्रत्येकाला कुंपणावरून दिसत होते. वर्गात मी शंभर वेळा सांगितले ते एका मुलाला कळले नाही, पण शेजारच्या बाकावरच्या सवंगड्याची वही पाहून कळले, असे पुष्कळदा घडते. त्यातलाच हा प्रकार.

फळ काय झाले? स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलज्ञाने या ओढ्यातील गाळाचा हिशेब अनेक वर्षे मोजमाप करून मांडला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ ते १९९३ या काळात खोऱ्यात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या सुमारास होता त्याच्या अवघा सहा टक्क्यांवर आला होता. रुपयाचे सहा पैसे! शेती चालूच होती. माणसे तेथेच होती. गुरे होती, दूधही निघत होते. बदलली होती ती जमीन वापरण्याची रीत. गढूळ झालेले ओढे निवळले आणि त्यांत पुन्हा मासे पोहू लागले.

या एका खोऱ्यातून देशाची पद्धत घडली. १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून, शेतकऱ्यांनीच चालवावयाचे मृदासंधारण जिल्हे स्थापण्याचा नमुना-कायदा पाठविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिला जिल्हा स्थापन झाला तो बेनेटच्या जन्मभूमीत, अॅन्सन काउंटीत. आज असे सुमारे तीन हजार जिल्हे आहेत. शेतकऱ्याला कर्ज किंवा साहाय्य देणाऱ्या सरकारी कचेऱ्याही बहुतेक काउंट्यांतून असतात आणि त्यांच्यावर शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांतून निवडलेली समिती असते. तिच्या सभासदाची मुदत तीन वर्षांची. १९८५ च्या कायद्याने आणखी दोन पावले पुढे टाकली. जी जमीन धुपण्यास फार सोपी ती दहा ते पंधरा वर्षे पिकाखालून काढून गवताखाली किंवा झाडांखाली ठेवावी आणि त्याबद्दल सरकारने दरवर्षी खंड द्यावा, हे एक. आणि अशी जमीन संधारणाच्या आराखड्यावाचून कसणाऱ्याला, किंवा पाणथळ जागा पिकासाठी कोरडी करणाऱ्याला, इतर सरकारी लाभही मिळू नयेत, हे दुसरे. १९९६ पासून, शेतात प्रत्यक्ष सुधारणा करणाऱ्यास खर्चाचा वाटा देण्याची योजनाही आहे. त्यात सरकारचा वाटा साधारणतः पाऊण हिश्शापर्यंत असतो आणि उरलेला शेतकऱ्याने घालावा लागतो. या सर्व योजनांमागे सूत्र एकच: जो देतो त्यालाच मिळते, आणि जे मिळते ते मातीत दिसले पाहिजे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मास्तरांनी परदेशाचे स्तोत्रच आरंभिले. नाही, त्या चित्राची काळी बाजूही दाखविली नाही तर मी पक्षपाती ठरेन.

करार हा सही करणाराशी होतो. पण ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे काय? १९३३ च्या शेतकी कायद्याने कापसाचे पीक कमी करणाऱ्यास सरकार पैसे देऊ लागले. दक्षिणेकडील कापसाच्या मुलुखात जमीनदारांनी ते पैसे घेतले, पेरा कमी केला, आणि कमी झालेल्या पेऱ्याबरोबर बटाईने कसणाऱ्या कुळांनाही घराबाहेर काढले. तेव्हा आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा गावी १९३४ मध्ये गोऱ्या आणि काळ्या कुळांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापिला. त्या काळी आणि त्या मुलुखात ही फार धैर्याची गोष्ट होती. मदतीच्या पैशाने जमीन सावरली खरी, पण तिच्यावर राबणारा हात बेघर झाला.

दुसरा दोष याहूनही खोल आहे. शेतकऱ्यांनी निवडलेली समिती ही लोकशाहीची उत्तम शाळा, असे आपण म्हणू. परंतु शाळेच्या दारात कोणाला उभे केले आहे, हे पाहिल्यावाचून शाळेची परीक्षा होत नाही. दक्षिणेत या समित्या पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांच्याच हाती राहिल्या. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज टेबलावर पडून राहावा आणि पेरणीचा हंगाम निघून गेल्यावर पैसे मिळावेत किंवा मिळूच नयेत, अशी तक्रार घेऊन १९९७ मध्ये शेतकरी न्यायालयात गेले. १९९९ मध्ये तडजोड झाली आणि पंधरा हजारांहून अधिक अर्जदारांना भरपाई मिळाली. जे वेळेत अर्ज करू शकले नव्हते त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी सव्वाशे कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. १९२० मध्ये त्या देशात काळे शेतकरी सव्वानऊ लाख होते. आज ते पन्नास हजारांच्या आसपासच आहेत. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, पण मिळावयाची ती मदत वेळेवर न मिळणे हे त्यांतील एक खास. पेरणीनंतर आलेले कर्ज म्हणजे परीक्षेनंतर आलेले पुस्तक होय.

तिसरा दोष कून क्रीकच्या खोऱ्यातच दिसून आला. करार मुदतीचा असतो आणि मातीला मुदत नसते. गवताखाली ठेवलेल्या जमिनीचेच पाहा. २००७ मध्ये देशात अशी जमीन सुमारे ३ कोटी ६७ लाख एकर होती. मग धान्याचे भाव वाढले, कायदेमंडळानेही मर्यादा खाली आणली, आणि पुढील दहा वर्षांत त्यांतील एक कोटीहून अधिक एकर कमी झाले. कून क्रीककडे दुधाचा धंदा लहान शेतकऱ्याला परवडेनासा होऊन गोठे ओस पडत चालले. गोठा गेला की लसूणघासाचा पट्टा जातो, आणि त्याच्या जागी वर्षानुवर्षे मका आणि सोयाबीन उभे राहतात. मोठ्या यंत्राला वळणदार पट्टे अडचणीचे वाटतात. १९६० च्या मागेपुढे या खोऱ्यात सरकारने पूर अडविण्यासाठी मातीची लहान धरणेही बांधली होती. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस एका रात्री तेथे अतोनात पाऊस कोसळला आणि त्यांतली तीन धरणे फुटली. पावसाचे मान बदलले आहे, धरणे जुनी झाली आहेत, आणि वरच्या उतारावर गवतही पूर्वीइतके राहिलेले नाही. एकदा चांगले केले म्हणजे कायमचे झाले, हा समज त्या रात्री पुराबरोबर वाहून गेला. त्यानंतर खोऱ्यातील शेतकरी आणि रहिवासी आता पुढे काय करावयाचे याचा विचार करण्यासाठी पुन्हा एकत्र बसू लागले आहेत. नव्वद वर्षांपूर्वी आजोबांनी केलेली सही नातवाला पुन्हा करावी लागत आहे.

श्रोतेहो, हे सर्व ऐकताना आपल्याकडची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्याकडेही हा विचार काही नवा नाही. सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम १९३३ मध्येच, म्हणजे कून क्रीकचा प्रयोग सुरू झाला त्याच वर्षी, चालू झाले. आणि १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा होऊन पुढे दख्खनच्या पठारावर बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. तज्ज्ञ तेच सांगत होते: पाणी उताराशी आडवे धरा. शास्त्र बरोबर होते. मग सगळीकडे फळ सारखे का आले नाही? याचे उत्तर मला पुस्तकात पुढे सापडले, पण त्याआधी ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या गावी, सांगोल्याच्या बाजूला, दुष्काळी कामावर समपातळीचे बांध पडले. माणसांना मजुरी मिळाली, तिच्यावर घरे जगली, त्याबद्दल त्या कामाचे उपकार मी कधी विसरणार नाही. परंतु आमच्या चुलत्यांच्या शेतातून बांध तिरपा गेला. मोजणी करणाऱ्याच्या दृष्टीने तो अगदी योग्य जागी होता. चुलत्यांच्या दृष्टीने त्याने शेताचे दोन तुकडे केले आणि एक कोपरा औताला निरुपयोगी करून ठेवला. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्याकडून कोणी काही कबूलही करून घेतले नव्हते. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला, बांधाच्या वरच्या अंगाला काळ्या रानात पाणी तुंबून पीक पिवळे पडू लागले, तेव्हा एका रात्री चुलत्यांनी कुदळ घेऊन बांध फोडला. ते पाणी खालच्या शेतात शिरले आणि शेजाऱ्याचे उभे पीक मातीसकट घेऊन गेले. दोन घरांचे बोलणे चार वर्षे बंद होते. मी शाळेला जाताना दोन्ही घरांच्या मधून मान खाली घालून जात असे.

पुढे काय झाले ते सांगण्याजोगे आहे. एका दिवाळीत शेजारी आपण होऊन आला आणि म्हणाला, ‘अण्णा, बांध तुमचा नको, माझा नको, सरकारचाही नको, पण पाणी तर दोघांचे आहे ना?’ मग दोघांनी मिळून बांध दुरुस्त केला आणि जादा पाणी सावकाश खाली उतरावे म्हणून त्याला दगडी सांडवा बसविला. त्याला ना योजना होती, ना मंजुरी. लेखी नसला तरी तोही एक करारच होता, आणि दोघेही हयात होते तोवर तो पाळला गेला. तो सांडवा अजून शाबूत आहे. सरकारी बांध जेथे फुटला तेथे या दोघांचा टिकला, एवढ्यावरून सरकारचे काम नाही असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मूळ बांध, त्याची पातळी आणि मजुरी ही सरकारचीच होती. दोन गरीब शेतकऱ्यांना ती साधली नसती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. ज्याच्या शेतात काम होते तो त्या कामाचा धनी केला गेला नव्हता.

म्हणून माझे सांगणे इतकेच की, शेतकऱ्याला मिळणाऱ्या मदतीकडे आपण दान म्हणूनही पाहू नये आणि उपकार म्हणूनही पाहू नये. करार म्हणून पाहावे. या करारात शहरातले आपणही एक पक्षकार आहोत. आपल्या नळाला जे पाणी येते ते कोणत्या तरी धरणातून येते, आणि त्या धरणात गाळ किती साचावा हे वरच्या उतारावरचा एखादा न पाहिलेला शेतकरी आपल्या नांगराच्या दिशेने ठरवीत असतो. त्याने माती धरून ठेवली तर लाभ आपलाही आहे. मग त्या कामाचा थोडा खर्च आपण सोसला तर त्यात औदार्य कसले? ते तर केवळ देणे फेडणे आहे. त्याचबरोबर देणे फेडणाराला हिशेब विचारण्याचाही अधिकार पोचतो. उद्या वर्तमानपत्रात मदतीचा आकडा वाचाल तेव्हा तो मोठा की लहान यावर वाद घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारून पाहा. या पैशाच्या बदल्यात शेतकऱ्याने आपल्या जमिनीसाठी काय करावयाचे कबूल केले, आणि ते त्याला विचारून ठरले काय? ज्याच्या नावे सातबारा नाही तो, आणि ज्याला कचेरीच्या दारात ताटकळत ठेवले जाते तो, या हिशेबात कोठे आहे? आणि मुदत संपल्यावर दहाव्या वर्षी त्या बांधाकडे कोण पाहणार आहे? या तीन प्रश्नांना धड उत्तर असेल तर आकडा कितीही मोठा असो, तो सत्कारणी लागला समजा. उत्तर नसेल तर लहान आकडाही वाया गेला.

आमच्या चुलत्यांचे शेत आता त्यांचा नातू कसतो. गेल्या पावसाळ्यात मी गावी गेलो होतो तेव्हा सांडव्यातला एक दगड निखळलेला दिसला. शेजाऱ्याचा नातू आणि आमचा नातू दोघे त्याच्याकडे पाहत उभे होते आणि आधी कोणी उचलावा याचा विचार करीत होते. मी वयाने मोठा असल्याचा फायदा घेऊन दोघांनाही हात लावावयास सांगितले. मास्तरकी अजून तेवढी चालते.